सक्युलंटला पाणी कमी नको, उशिरा हवं

नर्सरीत सक्युलंट (जाड, रसाळ पानांत पाणी साठवणारं झाड) घेतलं की सोबत फुकट मिळणारा सल्ला म्हणजे "आठवड्यातून दोन चमचे पाणी घाला, बास." या दोन चमच्यांवर माझा भयंकर राग आहे. कारण त्याने होतं काय की वरची अर्धा इंच माती सतत ओलसर राहते, म्हणजे खोड जिथे मातीला टेकतं तिथेच कुजायला सुरुवात, आणि खालची मुळं मात्र तहानलेलीच. शिवाय प्रश्न चमच्यांचा नसतोच हो, दोन पाण्यांमधे गॅप किती आहे त्याचा असतो.

घालायचं तेव्हा सढळ हाताने घाला, कुंडीखालच्या भोकातून वाहेपर्यंत, ताटलीत साठलेलं ओतून द्या, आणि मग माती तळापर्यंत सुकेस्तोवर कुंडीकडे बघूही नका. सक्युलंटपैकी एचेव्हेरिया मूळची मुख्यतः मेक्सिकोतली, जेड आणि हॉवर्थिया दक्षिण आफ्रिकेतली, तिथे पाऊस पडला की खडकाळ उतारावरून लगेच निथळून जातो आणि मग बरेच दिवस कोरडे, म्हणून तर पानात साठा करून ठेवतात. पानांची छिद्रंसुद्धा बहुतेक रात्रीच उघडतात, दिवसा उन्हात पाणी उडून जाऊ नये म्हणून. एवढी काटकसर करणाऱ्या झाडाला रोज स्प्रे मारत बसायची गरज नाही, गुलाबाच्या फुलासारख्या रचलेल्या पानांच्या मधोमध पाणी साचून तिथे बुरशी येते ते वेगळंच.

माती सुकली हे कळणार कसं? उदबत्ती जळून गेल्यावर उरते ती काडी घ्या, तळापर्यंत खुपसा, पाच-दहा मिनिटांनी काढा. ओली माती चिकटून आली तर थांबा. नाहीतर कुंडी उचलून बघा, सुकलेली कुंडी एकदम हलकी लागते, थोड्या दिवसांनी हाताला अंदाज येतोच.

पानं पण सांगतात, पण इथे एक मोठा घोळ आहे. पानं सुरकुतली, मऊ पडली म्हणजे तहान, आणि पिवळट, पारदर्शक, पिचपिचीत होऊन हात लावताच गळायला लागली म्हणजे पाणी जास्त, इथपर्यंत ठीक. पण मुळं कुजलेल्या झाडाची पानंही सुरकुततात, कारण पाणी ओढायला मुळंच उरलेली नसतात! म्हणून पान सुरकुतलंय आणि माती ओली आहे असं दिसलं तर पाणी अजिबात घालू नका, झाड उपटा, काळी पडलेली मुळं कापा, सावलीत दोन-चार दिवस तसंच उघडं पडू द्या म्हणजे काप सुकतात, मग कोरड्या मातीत लावा आणि आठवडाभराने पाणी.

नर्सरीवाले बऱ्याचदा नुसत्या कोकोपीटमधे (नारळाच्या काथ्याच्या भुशात) देतात, ते एकदा खडखडीत वाळलं की पाणी पीतच नाही, सगळं कडेकडेने खाली निघून जातं आणि आपल्याला वाटतं घातलं की पाणी. अशी कुंडी टबात पंधरा-वीस मिनिटं बसवून ठेवा. आणि सवड झाली की लाल माती, जाड वाळू, विटांचा चुरा आणि थोडं कंपोस्ट असं मिक्स करून बदलून टाका. (बिनभोकाच्या सुंदर सिरॅमिक कुंडीत तळाला गोटे घालून काही होत नाही, पाणी आतच राहतं, भोक पाडा.)

लोक उन्हाळ्याला घाबरतात पण आमच्या पुण्यात सक्युलंट मरतात ती पावसाळ्यात. हवा दमट, ऊन नाही, माती दोन-दोन आठवडे सुकत नाही, मुंबई-कोकणात तर विचारूच नका. जूनमधेच कुंड्या पत्र्याखाली घ्या, मग जुलै-ऑगस्टमधे काडी ओली येत राहिली तर पाणी बंद म्हणजे बंद. एप्रिल-मेमधे संध्याकाळी घाला, दुपारी प्लास्टिकची कुंडी हाताला चटका बसेल इतकी तापलेली असते. थंडीत एचेव्हेरिया छान रंग धरते, तेव्हा सकाळी घालायचं. अडेनियम (जाड बुंध्याचं फुलझाड) मात्र थंडीत पानं गाळून झोपतं, त्याला जवळजवळ कोरडंच ठेवा.

आणि दिवाळीत गावी जाताना शेजारच्या काकूंना किल्ली द्याल तर फक्त तुळशीचं सांगा. सक्युलंटला निघायच्या आधी एकदा भरपूर पाणी घाला आणि काकूंच्या नजरेला पडणार नाहीत अशी कुठेतरी उजेडात ठेवून जा, नाहीतर त्या प्रेमाने रोज घालतील.