बागायतदाराचं ऐकताना

निफाड-दिंडोरीकडचा द्राक्ष बागायतदार ‘पानं पिवळी पडलीत’ एवढंच म्हणतो आणि सल्ला देणारा लगेच फवारणी सांगून मोकळा होतो. इथेच ऐकणं फसतं. माणूस मिनिटाला साधारण १२५ ते १५० शब्द बोलतो, डोकं त्याहून कितीतरी वेगानं पळतं. त्या फटीत आपण उत्तर जुळवत बसतो. त्याऐवजी प्रश्न शोधा: पिवळेपणा शेंड्याच्या कोवळ्या पानांवर की खालच्या जुन्या? कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता असू शकते, जुन्यांवर तसं दिसलं तर मॅग्नेशियमची.

तो थांबला की मनात तीन अंक मोजा. पाणी कधी तुटलं, उधारी किती झाली, हे बऱ्याचदा तेव्हाच बाहेर येतं. मग त्याच्याच शब्दांत विचारा, ‘दादा, म्हणजे छाटणीनंतरच सुरू झालं ना?’ आणि फोन खिशात ठेवा. समोर पालथा ठेवलेलाही लक्ष खाऊ शकतो.