डॉर्टमुंडचा ऑगस्ट आणि पासष्ट गुणांचा वाद

जर्मनीतल्या डॉर्टमुंडला जायचं तर फुटबॉलचा हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर, ऑगस्टमध्ये जावं असं माझं ठाम मत आहे. एकदा सामने सुरू झाले की तिकीट मिळणं अवघड होतं. ८१,३६५ जणांच्या स्टेडियममधल्या सुमारे ५५ हजार जागा हंगामी तिकीट असलेल्यांच्याच असतात, आणि त्यांच्या बोलण्यातही मग फक्त परवाचा सामना असतो. ऑगस्टमध्ये मात्र अख्ख्या वर्षाचा हिशेब मांडला जातो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये हा हिशेब ऐकत मी शहरभर फिरलो. त्याचाच हा वृत्तान्त, आणि कुणाला जायचं असेल तर उपयोगी पडेल अशी माहितीही.

ड्यूसलडॉर्फ विमानतळाच्या स्टेशनवरून प्रादेशिक गाडी थेट मिळते आणि तासाभरात डॉर्टमुंडला पोचवते. बहुतेक पाहुणे तिथून सरळ स्टेडियम गाठतात. त्याआधी उलट्या दिशेला, उत्तरेला बोर्सिगप्लात्झला जावं. मुख्य स्टेशनवरून भुयारी गाडीने एक थांबा जाऊन काम्पश्ट्रासेला उतरायचं आणि तिथे यू-४४ पकडायची. पोलाद कारखान्यांच्या कामगारवस्तीतल्या या गोल चौकाजवळच्या एका पबमध्ये १९ डिसेंबर १९०९ रोजी बोरुसिया डॉर्टमुंडची स्थापना झाली. चर्चच्या युवक मंडळातल्या पोरांनी फुटबॉलला विरोध करणाऱ्या पाद्र्याला न जुमानता हा क्लब काढला. आजही विजेतेपदाची मिरवणूक या चौकात येतेच. २०११ आणि २०१२ मध्ये लागोपाठ दोनदा जर्मन लीग जिंकल्यावर ती आली होती. त्यानंतर लीगच्या विजेतेपदासाठी ती निघालेली नाही, आणि इथला प्रत्येक वाद कुठून ना कुठून त्या वर्षांपाशी येऊन थांबतो.

स्टेडियमकडे जायला यू-४५ किंवा यू-४२ चालते. यू-४२ ने गेलं तर टेओडोर-फ्लीडनर-हाइम या थांब्यावर उतरून थोडं चालावं लागतं. सामन्याच्या तिकिटावर त्या दिवशीचा परिसरातला लोकल प्रवास धरलेला असतो, वेगळं तिकीट काढू नये. गडबड होते ती परतताना. शेवटची शिट्टी वाजताच सगळे जवळच्या थांब्यावर धावतात आणि फलाटावर पाऊल ठेवायला जागा राहत नाही. अर्धा तास थांबावं, नाहीतर पाऊण तास चालत शहरात यावं. चालत येण्यातच जास्त ऐकायला मिळतं. सामन्याच्या आसपासच्या दिवशी स्टेडियम दाखवण्याच्या फेऱ्या बंद असू शकतात, तेव्हा तारीख आधी पाहून ठेवावी. क्लबचं संग्रहालय स्टेडियममध्येच आहे, आणि शेजारी १९२६ चं रोटे एर्डे मैदान आहे. मोठं स्टेडियम १९७४ च्या विश्वचषकासाठी उभं राहिलं, तोवर क्लब तिथेच खेळत असे. आता तिथे क्लबचा दुसरा संघ खेळतो. दक्षिणेकडचा उभ्या प्रेक्षकांचा स्टँड एकट्याने २४,४५४ माणसं सामावतो. रिकामा असताना त्याच्या पायथ्याशी उभं राहून वर बघावं, म्हणजे पाहुण्या गोलरक्षकाला त्या टोकाला काय वाटत असेल ते कळतं.

आता वाद: नव्या हंगामात संघ किती गुण मिळवेल? २०२४-२५ चा हंगाम डोळ्यांसमोर नसेल तर तो समजणार नाही. २६ सामन्यांनंतर संघ ३५ गुणांवर, अकराव्या क्रमांकावर होता. लीगमधला परगावचा पहिला विजय मिळायला २२ डिसेंबर उजाडला होता, वोल्फ्सबुर्गमध्ये. जानेवारीत प्रशिक्षक नुरी शाहीनला काढलं, फेब्रुवारीत निको कोव्हाच आला. तरी मार्चपर्यंत फारसा फरक दिसला नाही. मग शेवटच्या आठ सामन्यांत सात विजय आणि बायर्न म्युनिकशी २-२ अशी बरोबरी, म्हणजे २४ पैकी २२ गुण. एकूण ५७ गुण झाले आणि अखेरच्या दिवशी फ्रायबुर्ग हरल्यामुळे चौथा क्रमांक, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांची चॅम्पियन्स लीगही, हाती लागली.

खरा संघ कोणता, २६ सामन्यांचा की ८ सामन्यांचा? सगळी भांडणं इथून सुरू होतात. तरुण मंडळी आठ सामन्यांची सरासरी हंगामाच्या चौतीस सामन्यांवर पसरवतात आणि ९३ गुणांवर जाऊन पोचतात. जुनी मंडळी आधीच्या २६ सामन्यांवरून ४६ काढतात. दोन्ही हिशेब कच्चे आहेत. मला पटलेली रीत अशी: २०२४-२५ पर्यंतच्या पाच हंगामांचे गुण ओळीने लिहायचे, ६४, ६९, ७१, ६३, ५७. सरासरी ६५ च्या जरा खाली येते. त्याच पाच वर्षांत चौथ्या संघाचे गुण ६१, ५८, ६२, ६५, ५७ होते, आणि विजेत्याचे ७८, ७७, ७१, ९०, ८२. म्हणजे ६५ गुण मिळवले तर यांपैकी चार वर्षी पहिल्या चारांत जागा नक्की होती; २०२३-२४ मध्ये मात्र चौथ्या संघाचेही ६५ होते आणि गोलफरक त्याचाच सरस होता. आणि विजेतेपद ६५ वर कधीच मिळालं नसतं.

यात ७१ हा आकडा इथे कुणी सहजपणे उच्चारत नाही. २७ मे २०२३ ला घरच्या मैदानावर माइन्झला हरवलं असतं तर विजेतेपद होतं. डॉर्टमुंडच्या आलेरची पेनल्टी अडवली गेली, सामना २-२ सुटला, आणि तिकडे कलोनमध्ये ८९ व्या मिनिटाला बायर्नच्या मुसियालाने गोल केला. दोन्ही संघ ७१ वर आणि गोलफरक बायर्नचा सरस, ५४ विरुद्ध ३९. २०१८-१९ मध्येही नऊ गुणांची आघाडी हातची गेली होती. त्यामुळे ‘यंदा आपलं वर्ष’ असं कुणी म्हटलं की चर्चा लगेच वर्षांवरून बचावफळीवर येते, आणि ती तिथेच यायला हवी. २०२३-२४ मध्ये लीगमध्ये ४३ गोल खाल्ले, पुढच्या वर्षी ५१.

कोव्हाचने अखेरच्या टप्प्यात तीन मध्यरक्षक, म्हणजे बचावफळीच्या मधले खेळाडू, मागे ठेवले. दोन्ही कडांनी रुएर्सन आणि स्वेन्सन वर-खाली धावत राहिले, आणि गाडी रुळावर आली. या रचनेला तीन तंदुरुस्त मध्यरक्षक लागतात, शिवाय बदलीला निदान एक. निको श्लोटरबेकच्या गुडघ्याचा मेनिस्कस एप्रिलमध्ये फाटला होता आणि हंगामाच्या सुरुवातीला तो नसणार हे ठरलेलं होतं. तो डावखुरा आहे, मागून लांब पास काढतो. तो नसला की चेंडू आडवा फिरत राहतो आणि आघाडीवर खेळणाऱ्या गिरासीपर्यंत उशिरा पोचतो. सेहू गिरासीचे लीगमध्ये २१ गोल होते, संघाच्या एकूण ७१ पैकी. जवळजवळ ३० टक्के एका माणसाचे. चॅम्पियन्स लीगमध्ये आणखी १३. वय तेव्हा २९. तो महिनाभर बाहेर बसला तर काय, या प्रश्नावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं: उत्तर तयार नाही.

खरेदी-विक्रीची चर्चा इथे वेगळ्या पातळीवर होते. क्लबची कंपनी २००० पासून शेअर बाजारात आहे, ताळेबंद जाहीर होतो, आणि चाहते तो खरंच वाचतात. देंबेले, सांचो, हालान्ड, ज्यूड बेलिंगहॅम असे एकेक जण गेले आणि त्या पैशातून पुढचा तरुण आला. २०२५ च्या उन्हाळ्यात जेमी गिटन्स चेल्सीला गेला आणि ज्यूडचा धाकटा भाऊ जोब संडरलंडहून आला. इथे लोक नावांची गल्लत करतात. गिटन्स कडेने समोरच्याला चकवून आत शिरायचा, जोब मधल्या फळीत पळणारा. एक गेला आणि एक आला म्हणून जागा भरली असं होत नाही. गेलेला खेळाडू मैदानाच्या कोणत्या भागात कोणतं काम करत होता, हे आधी विचारावं.

विश्रांतीचा मुद्दाही खरा आहे. क्लब विश्वचषकात संघ ५ जुलैला रिअल माद्रिदकडून ३-२ हरला आणि १८ ऑगस्टला जर्मन कपचा सामना होता. सहा आठवड्यांत सुट्टी आणि तयारी दोन्ही उरकायची. म्हणून सराव सामन्यांच्या निकालावर मी काहीच ठरवत नाही. कष्टाच्या व्यायामाने पाय जड असतात, मध्यंतरानंतर बराचसा संघ बदलतो, प्रतिस्पर्धी वेगळ्या टप्प्यावर असतो. त्या सामन्यांत पाहायचं ते वेगळंच: कॉर्नर कोण घेतो, चेंडू गमावल्यावर पहिले पाच सेकंद कोण धावतं, आणि कडेचे दोघे वर गेल्यावर त्यांच्या मागची जागा कोण भरतं.

कपच्या पहिल्या फेरीत खालच्या विभागातल्या संघाला घरचं मैदान मिळतं, त्यामुळे सामना एसेनच्या हाफेनश्ट्रासेवर होता. एसेन रेल्वेने अर्ध्या तासावर आहे. तिसऱ्या विभागातल्या रोट-वाइस एसेनने घाम काढला आणि शेवटी डॉर्टमुंडचं १-० ने निभावलं. गोल अर्थात गिरासीचा. गाडीत परतताना जिंकल्याचा आनंद थोडा आणि मागच्या तिघांची काळजी जास्त होती.

पाच दिवसांनी, २३ ऑगस्टला हाम्बुर्गमध्ये सेंट पाउलीशी लीगचा पहिला सामना झाला. गिरासीने एक पेनल्टी घालवली, तरी संघ ३-१ असा पुढे होता. अखेरची काही मिनिटं उरली असताना मागे खेळणाऱ्या फिलिपो माने या वीस वर्षांच्या पोराच्या चुकीने सेंट पाउलीला पेनल्टी मिळाली आणि त्याला रेड कार्ड दाखवलं. ती पेनल्टी गोलात गेली, मग आणखी एक गोल, आणि सामना ३-३. बदलीचा मध्यरक्षक कुठे आहे, हे महिनाभर विचारणाऱ्यांना ओरडावंसुद्धा लागलं नाही. शेजारच्या टेबलावर बेरीज लगेच सुरू झाली: ६५ गाठायचे तर उरलेल्या ३३ सामन्यांत ६४ हवेत.