पहिल्या तेजीनंतरचा हिशोब

शेअर बाजाराच्या तेजीत हात घातलेल्या नवख्याचा पहिला नफा बहुधा बाजाराचा असतो, त्याच्या अकलेचा नव्हे. पुढे तो फ्यूचर्स-ऑप्शन्सकडे (शेअरच्या पुढच्या भावावरच्या करारांकडे) वळतो आणि तिथेच घसरगुंडी सुरू होते. बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या 2024 च्या पाहणीत, तीन वर्षांत अशा 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाल्याचं दिसलं.

भांडवल 50 टक्के घटलं की मूळपदावर यायला 100 टक्के नफा लागतो. म्हणून आधी किती शेअर घ्यायचे ते ठरवा. भांडवल 2 लाख, एका सौद्यात जोखीम 1 टक्का, म्हणजे 2,000 रुपये. खरेदी 500 ला, स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवायला विकायचा भाव, 480 ला. शेअरमागे जोखीम 20 रुपये, तर 100 शेअर, एकही जास्त नाही.

गोची इथे होते: ट्रिगर (विक्रीची ऑर्डर जागी होते तो भाव) 480, लिमिट (त्याखाली विकायचं नाही तो भाव) 479 लावलंय आणि शेअर सकाळी थेट 460 ला उघडला. ऑर्डर जागी होते, पण सौदा होत नाही, भाव खाली जातच राहतो. कंपनीच्या आर्थिक निकालाच्या आदल्या दिवशी शेअरची संख्या निम्मी करणं हाच त्यातल्या त्यात बरा उपाय.

आणि हो, तोटा झाला तरी आयकर विवरणपत्र मुदतीत भरा. फ्यूचर्स-ऑप्शन्सचा तोटा पुढच्या नफ्यातून वजा करायला 8 वर्षं पुढे ओढता येतो, इंट्राडेचा (त्याच दिवशी घेऊन विकलेल्या शेअरचा) 4 वर्षंच.