सरांच्या फळ्यावरचे विजय हजारे

क्रिकेटपटू विजय हजारे आपल्या सांगलीचे, १९१५ चा जन्म, वडील शिक्षक. एवढं आमच्या वेळच्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं. त्यांचा खेळ मात्र आम्हाला कळला तो पी.टी.च्या सरांमुळे. पावसाळ्यात मैदानावर घोटाभर चिखल झाला की तास वर्गात व्हायचा आणि सर फळ्यावर अख्खा धावफलक लिहायचे. तोंडपाठ, अवांतर धावांसकट.

सरांचा आवडता सामना ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या अॅडलेड कसोटीचा, जानेवारी १९४८. पहिल्या डावात हजारे ११६. मग फॉलोऑन, म्हणजे आपल्याला लगेच पुन्हा फलंदाजी. दुसऱ्या डावात मंकड शून्य, अमरनाथ शून्य. इथे सर खडू हातात धरून क्षणभर थांबायचे आणि हजाऱ्यांपुढे ठळक १४५ लिहायचे. खाली आणखी चार भोपळे. समोर लिंडवॉल आणि मिलर हे वेगवान गोलंदाज! कसोटीच्या दोन्ही डावांत शतक ठोकणारे हजारे पहिले भारतीय. तरी सामना आपण एक डाव आणि १६ धावांनी हरलो.

बाकावरून हमखास कुणीतरी विचारायचं, ‘मग उपयोग काय झाला, सर?’ सर रागवत नसत. दुसऱ्या डावाच्या एकूण २७७ मधून १४५ वजा करायला लावायचे. राहिले १३२. त्यातल्या अवांतर २२. म्हणजे उरलेल्या दहा जणांच्या मिळून ११०. वर्ग गप्प व्हायचा. घंटा व्हायच्या बेतात सर सांगायचे, याच मालिकेत हजाऱ्यांनी गोलंदाजी करताना महान फलंदाज ब्रॅडमनचा दोनदा त्रिफळा उडवला. त्यावर मात्र बाकं वाजायची.

१९४३ च्या पंचरंगी सामन्यातही (धर्मानुसार संघ असलेल्या मुंबईच्या स्पर्धेत) तेच. मुंबईच्या ब्रेबॉर्न मैदानावर हिंदू संघाविरुद्ध ‘रेस्ट’, म्हणजे इतरांच्या संघाच्या, दुसऱ्या डावात ३८७ धावा, त्यात हजारे ३०९. भाऊ विवेकबरोबर ३०० ची भागीदारी झाली, तीत विवेकचे २१. तोही सामना डावानेच गेला.

हजारे फार संथ खेळायचे, असं काही जण म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. १९५२ मध्ये इंग्लंडमध्ये लीड्सला दुसऱ्या डावात वेगवान गोलंदाज ट्रुमनपुढे आपली अवस्था ४ बाद ० होती. तिथे नांगर टाकून उभं राहणाराच हवा होता. हजाऱ्यांनी ५६ केल्या, फडकरांनी ६४. कप्तानीचं ओझं त्यांच्या फलंदाजीवर आलं, हे खरं. तरी भारताचा पहिला कसोटी विजय, फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला, त्यांच्याच नेतृत्वाखाली मिळाला. तीस कसोटींत २१९२ धावा आणि सरासरी ४७.६५. त्या काळच्या, पावसात न झाकलेल्या खेळपट्ट्या आणि पडत्या बाजूकडून केलेली फलंदाजी लक्षात घेतली तर मला हे आकडे फार मोठे वाटतात.

शाळेची आजची मुलं विजय हजारे करंडक या देशांतर्गत एकदिवसीय स्पर्धेचे सामने मोबाइलवर बघतात. त्या नावामागचा माणूस त्यांना कळावा, म्हणून शाळेच्या अमृतमहोत्सव समितीला एक विनंती आहे. क्रीडासाहित्याच्या खोलीबाहेरच्या भिंतीवर अॅडलेडच्या दुसऱ्या डावाचा धावफलक रंगवून घ्यावा, सगळ्या भोपळ्यांसह. खर्च आमची तुकडी करेल.