सांगोल्याच्या चौकटीतला शेऱ्याचा रकाना

30 जुलै 2021 रोजी, शुक्रवारी रात्री नऊच्या सुमारास सांगोल्याचे दीर्घकाळचे आमदार गणपतराव देशमुख यांच्या निधनाची बातमी आली, तेव्हा आमच्या दैनिकाच्या सोलापूर कार्यालयात तालुका आवृत्तीची पाने सोडण्याची घाई चालू होती. प्रकृती गंभीर असल्याचे काही दिवसांपासून कळत होते, त्यामुळे जीवनपट आणि जुनी छायाचित्रे तयारच होती. एसटीने फिरणारा आमदार, साधी राहणी, लाल बावटा हे सगळे इतरांनी लिहून ठेवले होते आणि दुसऱ्या दिवशी ते सगळ्याच वर्तमानपत्रांत येणार होते. माझ्याकडे आलेले काम त्या मानाने रुक्ष होते. मृत्युलेखाशेजारी सांगोला विधानसभा मतदारसंघाचा 1962 पासूनचा निवडणूक इतिहास एका चौकटीत द्यायचा, असे वृत्तसंपादक मॅडमनी ठरवले, आणि जिल्ह्यातील मतदारसंघांच्या जुन्या नोंदी माझ्याकडे असल्यामुळे ती चौकट माझ्या वाट्याला आली.

वर्ष, विजयी उमेदवार आणि पक्ष असे तीन रकाने करायचे होते. निवडणूक आयोगाचे सार्वत्रिक निवडणुकांचे अहवाल उघडून मी एकेका वर्षाखाली सांगोला शोधत गेलो. शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) गणपतराव देशमुख 1962 आणि 1967 मध्ये निवडून आलेले, पुढे 1978, 1980, 1985 आणि 1990 मध्ये, त्यानंतर 1999, 2004, 2009 आणि 2014 मध्ये. बेरीज दहा होत होती. पहिल्या पानावर मात्र ‘अकरा वेळा आमदार’ असा मथळा लागून झाला होता. बाहेर अकरा आणि आत दहा असा अंक गेला असता, तर सकाळी सांगोल्यातून आलेल्या फोनांना उत्तरे देता देता आमची दमछाक झाली असती. त्या तालुक्यात आबासाहेबांची, म्हणजे गणपतरावांची, कारकीर्द तोंडपाठ असलेली माणसे गावोगाव आहेत.

मी आमच्या सांगोल्याच्या बातमीदारांना फोन लावला. ते आधीच वाड्या-वस्त्यांवरून येणाऱ्या फोनांनी बेजार झालेले होते. माझी अडचण पुरती ऐकून घेण्याआधीच ते म्हणाले, “सर, चौऱ्याहत्तरची पोटनिवडणूक धरली का? ती धरल्याशिवाय अकरा व्हायचे नाहीत.”

आयोगाचे ते अहवाल सार्वत्रिक निवडणुकांपुरतेच असतात, पोटनिवडणुका त्यांत येत नाहीत. 1972 मध्ये सांगोल्याने काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे-पाटील यांना निवडून दिले होते, नंतर जागा रिकामी झाली आणि 1974 च्या पोटनिवडणुकीत देशमुख पुन्हा विधानसभेत गेले. नुसता तक्ता वाचणाऱ्याला वाटावे की 1972 ते 1978 ही सहा वर्षे सांगोला काँग्रेसकडे होते, आणि प्रत्यक्षात त्यातला मोठा काळ तिथला आमदार शेकापचा होता. विधिमंडळाच्या सदस्य-परिचयातील नोंदीशी मी वर्ष ताडून पाहिले आणि मगच चौकटीत ती ओळ घातली.

मात्र ती घालताना लक्षात आले की तीन रकान्यांत ही गोष्ट मावत नाही. 1972 आणि 1974 या दोन ओळी एकाखाली एक नुसत्या छापल्या असत्या, तर वाचकाला ती छपाईची गफलत वाटली असती. म्हणून मी ‘शेरा’ असा चौथा रकाना मागितला. मॅडमनी पडद्यावरच्या पानाकडे पाहिले आणि म्हणाल्या, “जागा कुठं आहे? छायाचित्र लहान करावं लागेल, आणि आजच्या दिवशी मी ते करणार नाही.” शेवटी जीवनपटातल्या एसटीच्या दोन ओळी कापायच्या ठरल्या. मला त्याचे वाईट वाटले नाही.

रकाना मिळाल्यावर खरी मौज सुरू झाली, कारण सांगोल्याचा इतिहास विजयांच्या यादीपेक्षा शेऱ्यांतच अधिक आहे. 1972 चा पराभव घ्या. त्या वर्षी काँग्रेसने राज्यातल्या 270 पैकी 222 जागा जिंकल्या होत्या आणि 1967 मध्ये 19 आमदार असलेला शेकाप 7 वर आला होता. त्या लाटेत सांगोला वाहून गेले यात नवल नव्हते. 1995 चा पराभव अगदी वेगळ्या जातीचा आहे. त्या वर्षी काँग्रेस स्वतःच 80 जागांवर घसरली, शिवसेना-भाजपचे सरकार आले, आणि नेमक्या त्याच वेळी सांगोल्यात काँग्रेसच्या शहाजीबापू पाटील यांनी देशमुखांना हरवले. फरक होता 192 मतांचा. हा आकडा बातमीदारांनी फोनवर कागद न बघता सांगितला. राज्यात वारा एका दिशेने असताना मतदारसंघ दुसरीकडे जातो तेव्हा कारण मुंबईत शोधण्यात अर्थ नसतो, गावागावांतल्या गटांत शोधावे लागते. देशमुख गट आणि पाटील गट ही सांगोल्यातली खरी विभागणी होती, आणि शहाजीबापूंनी पुढे पक्ष बदलून शिवसेना धरली तरी ती तशीच राहिली. 2014 मध्ये ते शिवसेनेकडून लढले आणि सुमारे पंचवीस हजार मतांनी पडले.

एवढ्या दीर्घकाळ एकाच माणसाला मतदान का होत राहिले, याचे उत्तर चौकटीत बसणारे नव्हते, पण मुख्य लेखात त्याची एक ओळ असावी असा माझा आग्रह होता. सांगोला हा माणकाठचा, पर्जन्यछायेतला, पिढ्यान् पिढ्या दुष्काळ सोसलेला तालुका आहे. नागनाथअण्णा नायकवडी यांच्याबरोबर देशमुखांनी आटपाडीच्या पाणी परिषदेतून तेरा दुष्काळी तालुक्यांसाठी कृष्णेच्या पाण्याची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पाणी यायला फार उशीर झाला, पण मागणी कोणाची हे लोक विसरले नाहीत. सहकारी सूतगिरणी आणि डाळिंबाच्या बागा यांमुळे गावांच्या हातात थोडा पैसा आला, आणि त्याबरोबर गावपातळीवर पक्षाची माणसे टिकून राहिली. 1962 मध्ये राज्यात 15 आमदार असलेल्या शेकापचे 2014 मध्ये तीनच उरले होते, तरी सांगोल्यात खटारा चिन्हाची माणसे जागची हलली नव्हती. देशमुख दोनदा मंत्रीही झाले, 1978 च्या शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि 1999 नंतर विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात, पण मंत्रिपदामुळे त्यांची मते वाढली असे म्हणायला मला काही आधार दिसत नाही.

आणखी एक शेरा मी घातला आणि तो मॅडमनी काटला. 2008 च्या पुनर्रचनेनंतर, म्हणजे 2009 च्या निवडणुकीपासून, सांगोला मतदारसंघात सांगोला तालुक्याबरोबर पंढरपूर तालुक्यातला भाळवणी भागही आला. नाव तेच राहिले तरी मतदार तेच राहिले नाहीत, आणि 2004 ची मते 2009 च्या मतांशी सरळ तोलणे चुकीचे ठरते. मला हे महत्त्वाचे वाटत होते. “मृत्यूच्या बातमीत सीमांकन कोण वाचतंय?” असे त्या म्हणाल्या, आणि रात्रीच्या त्या घटकेला ते खरेच होते.

शेवटची ओळ 2019 ची. 1962 नंतर पहिल्यांदाच देशमुख उमेदवार नव्हते. त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख शेकापकडून उभे राहिले आणि शिवसेनेच्या शहाजीबापूंनी त्यांना 768 मतांनी हरवले. ही ओळ लावत असताना मी सहज कागदावर बेरीज केली. तोवर शहाजीबापू दोनदा आमदार झाले होते, आणि दोन्ही विजयांचे मताधिक्य एकत्र केले तरी ते हजाराच्या आत, 960 होते. दीड लाखाहून अधिक मते पडणाऱ्या मतदारसंघात एवढ्याशा फरकावर दोन आमदारक्या उभ्या होत्या. ही बेरीज मॅडमना दाखवली तेव्हा त्यांनी काहीही न काटता ती चौकटीच्या तळाशी ठळक टाइपात घ्यायला सांगितली. दुसऱ्या दिवशी वाचकांचे जे फोन आले त्यांपैकी बहुतेक त्याच ओळीबद्दल होते, आणि त्यांतले काही दोन्ही गटांच्या कार्यकर्त्यांचे असून आपल्याला चिडवण्यासाठीच ती छापली अशी दोघांचीही समजूत होती.

ती चौकट नंतरही कामाला आली. जून 2022 मध्ये गुवाहाटीतल्या ‘काय झाडी, काय डोंगर’ या फोनवरील संभाषणामुळे शहाजीबापू राज्यभर माहीत झाले, तेव्हा मुंबईच्या डेस्कवरून सांगोल्याचा इतिहास मागवला गेला आणि मी तीच पाठवली. नोव्हेंबर 2024 मध्ये तिच्यात नवी ओळ आली. गणपतरावांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शेकापकडून निवडून आले आणि मताधिक्य पुन्हा पंचवीस हजारांच्या आसपास गेले. पक्षाचे राज्यातले ते एकमेव आमदार आहेत. पण या ओळीचा शेरा लिहिताना मला बराच वेळ लागला. शहाजीबापू शिवसेनेच्या शिंदे गटाकडून आणि दीपक साळुंखे ठाकरे गटाकडून लढले, आणि या दोघांच्या मतांची बेरीज विजेत्याच्या मतांहून जास्त भरते. त्यात ठाकरे गट आणि शेकाप हे दोघेही एकाच महाविकास आघाडीतले असताना इथे समोरासमोर उभे होते, म्हणजे साळुंख्यांनी नेमकी कोणाची मते घेतली हे बेरजेवरून ठरत नाही. म्हणून मी शेऱ्यात फक्त ‘तिरंगी लढत’ एवढेच लिहिले, आणि या खेपेला भाळवणीची ओळही जाऊ दिली गेली.