नाचणीशी मी मराठीत बोलायचे

बर्लिनमधल्या आमच्या घरात माणसं तीन आणि भाषा पाच. नवरा केरळचा. तो त्याच्या घरच्यांशी मल्याळममध्ये बोलतो, आमचं आपसात हिंदी-इंग्रजी चालतं. लेक इथंच जन्मली, तिचं सगळं जर्मनमध्ये. दिवसभरात मी मराठीत बोलायचे ती फक्त नाचणीशी, आमच्या कुत्रीशी. 2025 च्या फेब्रुवारीत नाचणी गेली. घर गप्प झालं, हे तर होणारच होतं. पण दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी लक्षात आलं की सकाळपासून माझ्या तोंडून एक मराठी शब्द निघालेला नाही.

नाचणी मूळची रोमानियाची, रस्त्यावरची. तिथल्या भटक्या कुत्र्यांची गोष्ट मला नंतर कळली. हुकूमशहा चाउशेस्कूच्या काळात शहरांतली जुनी बैठी घरं पाडून लोकांना उंच इमारतींतल्या छोट्या सदनिकांत हलवलं. अंगणातल्या कुत्र्यांना तिथं जागा नव्हती, ती मागे रस्त्यावर राहिली आणि वाढत गेली. 2013 मध्ये बुखारेस्टमध्ये कुत्र्यांच्या हल्ल्यात चार वर्षांचा एक मुलगा दगावला. त्यानंतर तिथं कायदा झाला, की पकडलेल्या कुत्र्याला कामकाजाच्या 14 दिवसांत कुणी नेलं नाही तर त्याला मारता येईल. मग तिथली कुत्री जर्मनीसारख्या देशांत पाठवायची धडपड वाढली. नाचणी त्यातलीच.

नोव्हेंबर 2014 मध्ये हायवेलगतच्या एका पार्किंगमध्ये आम्ही पहाटे चार वाजता तिची वाट बघत उभे होतो. सतराशे-अठराशे किलोमीटर कापून व्हॅन आली. पिंजऱ्यातून लालसर तपकिरी रंगाचं एक कुत्रं बाहेर काढलं. शेपूट पोटाखाली घातलेली, अंग थरथरत होतं. हातात निळा पासपोर्ट दिला. त्यात कातडीखाली बसवलेल्या चिपचा 642 ने सुरू होणारा पंधरा आकडी नंबर (642 म्हणजे रोमानिया) आणि अंदाजे वय, दोन वर्षं. नाव लिहिलं होतं बेला. मला मात्र तो रंग बघून आमच्या चिपळूणच्या घरातली, सुपात पाखडायला घेतलेली नाचणी आठवली. गाडीत बसेपर्यंत नाव ठरलं होतं.

पहिले चार दिवस ती सोफ्यामागून बाहेर आली नाही. जर्मनमध्ये, इंग्रजीत, शिट्टी वाजवून, सगळ्या तऱ्हेनं बोलावून झालं. पाचव्या दिवशी मी स्वयंपाकघरात एकटीच होते. हातात दहीभाताची वाटी होती आणि तोंडातून आपोआप निघालं, "यू यू यू". लहानपणी खळ्यात उभं राहून आम्ही असंच बोलवायचो. ती आली. भाताच्या वासानं आली असेल, मला माहीत आहे. पण त्या दिवसापासून मी तिच्याशी दुसऱ्या भाषेत बोललेच नाही. ये, बस, थांब, सोड, पुरे. श्वानशाळेतल्या बाईंनीसुद्धा शेवटी "थांब" शिकून घेतलं, कारण जर्मन हुकूम दिला की नाचणी आधी माझ्याकडे बघायची.

मी जिथं वाढले तिथं कुत्रं घरात येत नसे. त्याची जागा अंगणात, फार तर पडवीत. रात्री मात्र आजोबा त्याला आत घेऊन दाराला अडसर घालत, कारण बिबट्या कुत्र्यासाठी थेट वाडीत येतो. गावातली निम्मी कुत्री अशीच जायची. त्यामुळे कुत्र्यावर फार जीव लावू नये, असं आमच्याकडे मोठी माणसं सांगत. सांगत, आणि गुपचूप माशाचा काटा काढून भात कालवून ठेवत.

इथं सगळंच उलट. कुत्रं रेल्वेत बसतं, हॉटेलात टेबलाखाली झोपतं, वेटर आपल्याआधी त्याला पाणी आणून ठेवतो. वर्षाला 120 युरो कर भरायचा आणि त्याचा बिल्ला कुत्र्याच्या गळ्यात. खाण्याच्या दुकानांत मात्र प्रवेश नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीच्या भिंतीत कुत्र्याला बांधायची कडी आहे आणि दारावर कुत्र्याच्या चित्राखाली लिहिलंय, 'आम्हाला बाहेरच थांबावं लागतं'. त्या कडीला नाचणीचा पट्टा अडकवायचा, "थांब हं, आलेच" म्हणायचं आणि आत जायचं. दहा वर्षं. शनिवारी रांग लांब असली की लेक बाहेर तिच्यापाशी बसून राहायची.

नाचणी यायच्या आधी चार वर्षं आम्ही त्याच इमारतीत राहत होतो आणि शेजाऱ्यांशी 'गुटन टाग'च्या पुढे बोलणं गेलं नव्हतं. नाचणीबरोबर जिना उतरायला लागले आणि महिन्याभरात तळमजल्यावरच्या आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन, त्यांचा लिपझिगचा मुलगा, वारलेल्या नवऱ्याचा डॅशहुंड कुत्रा, सगळं मला ठाऊक झालं. माझं आडनाव त्यांना कधी जमलं नाही. त्यांच्या लेखी मी 'नाख्नीची आई'. परक्या देशात मला मिळालेली ही पहिली ओळख, आणि अजूनही मला सगळ्यात आवडते ती हीच.

आमचं आवडतं ठिकाण म्हणजे टेम्पलहोफचं मैदान. हा जुना विमानतळ. 1948-49 मध्ये पश्चिम बर्लिनची नाकेबंदी झाली तेव्हा पीठ आणि कोळसा घेऊन विमानं इथं उतरायची. 2008 मध्ये विमानतळ बंद झाला, 2010 मध्ये लोकांसाठी उघडला. सुमारे तीनशे हेक्टर मोकळं माळरान, मधून जुन्या धावपट्ट्या. गवतात चंडोल घरटी करतात, म्हणून त्या भागात विणीच्या हंगामात पाऊल टाकायचं नाही. कुत्र्यांना मोकळं सोडायला वेगळी कुंपणं आहेत. नाचणी कुंपणात शिरली की आधी स्तब्ध उभी राहायची, नाक वर करून वारा हुंगायची आणि मग एकदम सुटायची. तिला तसं धावताना बघितलं की पार्किंगमधलं ते थरथरणारं कुत्रं हेच का, असं वाटायचं.

एकतीस डिसेंबर मात्र आमच्यासाठी काळरात्र. आमचा भाग नॉयकोल्न, तिथं मध्यरात्री फटाक्यांनी आकाश फाटतं. पुष्कळ लोक कुत्र्यांना घेऊन चालू विमानतळाजवळच्या हॉटेलात राहायला जातात, कारण तिथं आतषबाजीला बंदी असते. आम्ही तिघं न्हाणीघरात जमिनीवर गादी टाकून तिला मध्ये घेऊन बसायचो आणि मी रामरक्षा म्हणायचे. तिला शब्द कळत नव्हते, चाल ओळखीची झाली होती. 'लोकाभिरामं'पर्यंत येता येता तिचा श्वास सावकाश व्हायचा.

2018 च्या उन्हाळ्यात आई आली, व्हिसाचे पुरते नव्वद दिवस. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "ही स्वयंपाकघरात येते?" आणि नाचणीला म्हणाली, "हाड्". नाचणीनं हा शब्द ऐकलाच नव्हता, ती शेपूट हलवत बसली. आठवड्याभरानं मी कामावरून आले तर आई भाकरी थापत होती आणि पायाशी नाचणी. "पहिली भाकरी हिची," आई म्हणाली, "मुकं जनावर, मागणार कोणाकडे?" पुढे रोज दुपारी दोघी बाल्कनीत. "काय गो बाय, जेवलीस?" असं आई विचारायची. लेकीला तिनं नामदेवांची गोष्ट सांगितली, पोळी पळवून नेणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची. लेक तेव्हा सहा वर्षांची. नाचणीला फक्त मराठीच कळतं, अशी तिची पक्की समजूत होती. म्हणून ती नाचणीसाठी मराठी शिकली. माझ्यासाठी नाही, आजीसाठीही नाही. तिची सगळी मराठी नाचणीला पुरेल एवढीच होती: ये, झोप, घाबरू नको, दुखतंय का तुला.

2024 च्या ऑक्टोबरात नाचणी पाणी फार प्यायला लागली. मी म्हटलं वय झालं. रक्त तपासलं तेव्हा क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडानं बाहेर टाकायचा कचरा, खूप वाढलेलं. डॉक्टरबाईंनी समजावलं, मूत्रपिंडाचं साधारण तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत हा आकडा वाढतच नाही. म्हणजे लवकर कळणं कठीणच होतं. तरी ते रिकामं भांडं मी महिनाभर नुसतं भरत राहिले, हे अजून टोचतं. मग एक दिवसाआड घरीच कातडीखाली सलाईन. नवरा बाटली धरायचा, मी सुई, लेक डोकं मांडीवर घेऊन बसायची. तीन महिने मिळाले. फेब्रुवारीत तिनं भाकरीवरून तोंड फिरवलं.

जर्मनमध्ये त्याला 'झोपवणं' म्हणतात. सशक्त जनावराला विनाकारण मारणं इथं गुन्हा आहे, पण वेदना थांबवता येत नसतील तर डॉक्टर घरी येऊन हे करतात. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग दुसरं. डोळे उघडेच राहतात, हे डॉक्टरबाईंनी आधी सांगितलं होतं. गुंगी चढेपर्यंत त्या नाचणीच्या कानामागे खाजवत हळू आवाजात जर्मनमध्ये काहीतरी प्रेमाचं बोलत होत्या. लेक एकदम म्हणाली, "तिला जर्मन कळत नाही. मराठीत बोलायला पाहिजे." त्या लगेच गप्प झाल्या आणि मागे सरल्या. लेक जमिनीवर आडवी झाली, नाचणीच्या तोंडाशी तोंड नेलं आणि जेवढी येत होती तेवढी सगळी मराठी बोलली. घाबरू नको. झोप. मी आहे. झोप.

इथल्या बहुतेक राज्यांत माणसाच्या अस्थी घरी ठेवता येत नाहीत, त्या दफनभूमीतच जायला हव्यात. कुत्र्याच्या ठेवता येतात. नाचणीचा छोटा कलश पुस्तकांच्या फळीवर आहे. आई फोनवर म्हणाली, "येशील तेव्हा चिमूटभर घेऊन ये, वाशिष्ठीत सोडू." नेणार आहे.

लेक नंतर कित्येक आठवडे मराठीत काहीच बोलली नाही. मीही आग्रह केला नाही.

एका शनिवारी बेकरीतून ब्रेड घेऊन बाहेर आले. भिंतीतल्या कडीला कुणाचं तरी काळं, म्हातारं कुत्रं बांधलेलं होतं, दाराकडे डोळे लावून कुंई कुंई करत होतं. लेक त्याच्यासमोर उकिडवी बसली होती. "थांब हं," ती त्याला सांगत होती, "येतेच आहे ती. घाबरू नको." त्याची मालकीण रांगेत बरीच मागे होती. मी पिशवी खाली ठेवली आणि त्या दोघांशेजारी पायरीवर बसले.