कात्रज मेट्रोची रेघ नक्की कुणाच्या घराखालून जाणार, ते आधी सांगा

पुण्यातल्या आमच्या बालाजीनगर-धनकवडीच्या पट्ट्यात मेट्रो नको म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. संध्याकाळी स्वारगेटवरून कात्रजची बस पकडणं काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको, आणि 29 सप्टेंबर 2024 ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट मेट्रो सुरू झाली, त्याच दिवशी स्वारगेट-कात्रजचं भूमिपूजनही झालं, तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर खरंच आनंद होता. म्हणजे प्रश्न विचारतोय म्हणून आम्हाला विकासविरोधी म्हणू नका. मला मेट्रो हवीच आहे, माझी आई सत्तरीच्या पुढे आहे, तिला तर जास्तच हवी आहे.

पण मार्ग ठरवताना काय झालं बघा. केंद्रानं ऑगस्ट 2024 मधे मंजूर केला तो मार्ग 5.46 किलोमीटरचा, सगळा भुयारी, 2,954 कोटींचा, आणि त्यात स्टेशनं फक्त तीन, मार्केट यार्ड, पद्मावती, कात्रज. पद्मावती ते कात्रज मधे जवळपास दोन किलोमीटर काहीच नाही. आता सातारा रोडवर एकदा जरी चालत गेलेल्या माणसाला विचारा की या दोन किलोमीटरमधे काय येतं. बालाजीनगर येतं, धनकवडी येतं, के. के. मार्केट येतं, भारती विद्यापीठ आणि तिथलं हॉस्पिटल येतं, म्हणजे ज्यांना मेट्रोची सगळ्यात जास्त गरज आहे ती विद्यार्थी आणि पेशंटचे नातेवाईक मंडळी, त्यांच्या पायाखालून गाडी न थांबता निघून जाणार होती! लोकांनी मागणी लावून धरली, निवेदनं दिली, लोकप्रतिनिधींच्या मागे लागले, तेव्हा सप्टेंबर 2025 मधे राज्य मंत्रिमंडळानं बिबवेवाडी आणि बालाजीनगर ही दोन स्टेशनं वाढवायला मान्यता दिली, कात्रज स्टेशनही 421 मीटर दक्षिणेला सरकवलं, आणि या सगळ्यापायी 683 कोटींचा खर्च वाढला. चांगलं झालं, मनापासून चांगलं झालं. पण इथे राहणाऱ्यांना आधीच विचारलं असतं तर ही स्टेशनं पहिल्या आराखड्यातच आली असती असं मला ठामपणे वाटतं.

आता पुढची काळजी, आणि ती घरांची आहे. भुयार रस्त्याखालून कुठपर्यंत जातं आणि घरांखाली कुठे शिरतं हे सर्व्हे नंबरसकट, बिल्डिंगच्या नावासकट आम्हाला कळायला हवं. पेपरात येतो तो नकाशा म्हणजे गुगल मॅपवर ओढलेली एक जाड रेघ असते, त्या रेघेच्या जाडीतच अख्खी सोसायटी बसते! धनकवडीत कितीतरी घरं गुंठेवारीतली, म्हणजे गुंठ्या-गुंठ्यानं विकत घेतलेल्या जागेवरची आहेत, दीड-दोन गुंठ्यावर आधी एक मजला मग जमेल तसे वरचे मजले चढवलेले, पाया किती खोल आहे ते बांधणाऱ्या मिस्त्रीलाच माहीत, मंजूर नकाशा नाही. उद्या खालून भुयार खोदणारं मशीन गेल्यावर भिंतीला तडा गेला तर हा माणूस कुठला कागद दाखवणार? कागद नाही म्हणून त्याला दारातूनच परत पाठवणार का? याचं उत्तर काम सुरू व्हायच्या आधी लेखी मिळायला हवं.

उगाच घाबरवायचं नाहीये मला. कोलकात्यात ऑगस्ट 2019 मधे बोबाजारला मेट्रोचं भुयार खोदणारं मशीन पाण्याच्या थराला लागलं आणि वरची घरं खचली, 2022 मधे तिथेच परत तडे गेले, हे खरं आहे, पण तिथली जमीन गाळाची, आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे. आणि पुण्यातच शिवाजीनगर ते स्वारगेट भुयार मुठेच्या खालून, कसब्यातल्या जुन्या वाड्यांखालून काढलंच की, आज तिथून रोज गाड्या धावतात. त्यामुळे इंजिनिअर लोकांवर माझा विश्वास आहे. पण दगडाचा भरवसा वेगळा आणि बोअरवेलचा वेगळा. आमच्याकडे टँकरच्या त्रासानं जवळजवळ प्रत्येक सोसायटीनं बोअर मारलेत, काही चालू, काही बुजवलेले, काहींची तर आताच्या कमिटीला माहितीच नाही, आणि बोअर भुयाराच्या खोलीपेक्षा खाली जातात. ठाण्यात 2022 मधे बोअर मारताना मुंबई महापालिकेच्या पाण्याच्या बोगद्यालाच भोक पडलं होतं आणि दुरुस्तीसाठी बोगदा बंद ठेवून मुंबईत पाणीकपात करावी लागली. मग इथे जुन्या बोअरची यादी कोण करतंय?

आणि पाणी म्हटलं की आंबिल ओढा. 25 सप्टेंबर 2019 ची रात्र या भागात कोणी विसरलेलं नाही, कात्रजच्या तलावाकडून आलेलं पाणी लेकटाऊन, के. के. मार्केट, पद्मावती, अरण्येश्वर करत गेलं, भिंती पडल्या, माणसं गेली, पार्किंगमधल्या गाड्या एकावर एक चढल्या. त्याच पट्ट्यात आता जमिनीखाली स्टेशनं होणार. स्टेशनचं तोंड रस्त्यापासून किती उंच ठेवणार, त्या रात्रीची पाण्याची पातळी धरली आहे का, हे मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि यावर सगळ्यात कमी बोललं जातंय.

स्टेशनच्या दरवाजांचंही तेच. सातारा रोडवर 2006 मधे देशातला पहिला बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखीव मार्ग, आला आणि बसस्टॉप रस्त्याच्या मधोमध गेला, तिथपर्यंत पोचायला म्हाताऱ्या माणसांनी धावत्या गाड्यांमधून वाट काढली, अपघात झाले. आता स्टेशनला रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी दरवाजे आणि प्रत्येक बाजूला चालती लिफ्ट पाहिजे. कात्रज चौकात तर हे अजूनच गरजेचं, तिथे कोंढव्याकडून, आंबेगावकडून, घाटाकडून सगळीकडून वाहनं येतात आणि साताऱ्या-कोल्हापूरची एसटी पकडणारी माणसं बॅगा घेऊन उभी असतात.

पद्मावती ते कात्रज पट्ट्यात राहणाऱ्यांना एक सांगणं आहे. घरात आत्ता ज्या भेगा आहेत त्यांचे तारखेसकट फोटो काढून ठेवा, बाजूला मोजपट्टी धरून. बोअर असेल, बंद पडलेला असला तरी, त्याची जागा आणि खोली सोसायटीच्या लेटरहेडवर लिहून मेट्रोच्या ऑफिसला द्या आणि पोचपावती घ्या. बिल्डिंगचा सर्व्हे करायला माणसं आली तर त्यांना आत येऊ द्या, पण रिपोर्टची एक प्रत मागून घ्या. गुंठेवारीतल्या घरांनी लाइट बिल, टॅक्सची पावती जे असेल ते एका फाइलीत लावा. आमच्या बिल्डिंगचं हे फोटो-कागदांचं काम या रविवारपासून सुरू करतोय, शेजारच्या कुणाला अर्ज लिहायला मदत हवी असेल तर या.